कारखाना बंद, गॅरेज चालू : घरच्या घरी जगवलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय, थोडा साफसूफ करून.

आजची गोष्ट इंग्लंडमधली आहे. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९२९ पासून एमजी कंपनीचा कारखाना होता. सप्टेंबर १९७९ मध्ये कामगारांनी आणि गावानं कारखान्याची पन्नाशी साजरी केली. बँड, मिरवणूक, जुन्या गाड्या, सगळं झालं. आणि लगेच १० सप्टेंबरच्या सोमवारी मालक कंपनी ब्रिटिश लेलँडनं जाहीर केलं की इथलं गाड्यांचं उत्पादन थांबणार. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी लाईनवरून उतरली आणि कुलूप लागलं.

आता दुसरी गोष्ट ऐका. आज तुम्हाला त्याच एमजीबीची कोरी करकरीत बॉडी विकत मिळते. मूळच्या साच्यांवर दाबलेल्या पत्र्याची. ब्रेकचे पाईप, रबरी बुश, वायरिंगचा अख्खा हार्नेस, अगदी डॅशबोर्डवरचा छोटा स्विचसुद्धा मिळतो. कारखाना बंद होऊन चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी गाडी चालूच आहे.

हे कसं झालं? कंपनीनं हे केलं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. हे केलं घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये, रविवारी सकाळी, हात काळे करून घेणाऱ्या लोकांनी. आज त्यांचा इतिहास बघू.

पाना एक, आटे दुसरेच

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जबाजारी झाला होता. सरकारचा हुकूम साधा होता : माल परदेशात विका आणि डॉलर आणा. पोलाद कमी होतं, ते निर्यात करणाऱ्यांना आधी मिळायचं. म्हणून १९४५ मध्ये एमजीनं युद्धापूर्वीच्याच रचनेत थोडी सुधारणा करून टीसी नावाची गाडी काढली. दोन सीट, उघडं छत, तारांची चाकं. १९४९ पर्यंत साधारण दहा हजार गाड्या बनल्या आणि त्यातल्या बऱ्याच परदेशी गेल्या. गंमत बघा, अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, पण टीसी कायम उजव्या स्टिअरिंगचीच बनली. तरी अमेरिकन पोरं तिच्या प्रेमात पडली.

पण प्रेमात पडल्यावर दुरुस्ती कोण करणार? डीलर दूर, मेकॅनिकला गाडी परकी. मग मालकच शिकले. लॉस एंजेलिसमध्ये अल मॉस नावाच्या तरुणानं टीसी घेतली आणि १९४८ मध्ये अशाच गाड्यांचं छोटं गॅरेज सुरू केलं. पुढं त्याचाच जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा धंदा झाला.

टीसीच्या इंजिनात एक भारी भानगड आहे. हे इंजिन ज्या घराण्यातलं, त्याची सुरुवात कोव्हेंट्रीतल्या हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात झाली. विल्यम मॉरिसनं तो कारखाना १९२३ मध्ये विकत घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच होती, त्यामुळे बोल्टचे आटे मेट्रिक पडायचे. पण ब्रिटिश गॅरेजांत पाने होते व्हिटवर्थ मापाचे. मग तोडगा काय काढला? आटे मेट्रिक ठेवले आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थ पान्याला बसेल असं केलं! म्हणजे पाना तुमच्याकडे असतो, बोल्ट सुटतोही, पण तो हरवला तर बाजारातला दुसरा कुठलाच बोल्ट तिथे बसत नाही. आजही टीसीवर काम करणारे लोक काढलेला प्रत्येक बोल्ट डबीत घालून त्यावर चिठ्ठी लावतात, त्याचं एक कारण हे.

शाळेतलं पोरगं आणि एडनमधली बेडूकडोळी

१९५८ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आली. बॉनेटवर वर आलेले दोन गोल दिवे, म्हणून तिला फ्रॉगआय म्हणायला लागले, आपण बेडूकडोळी म्हणू. तीही ॲबिंग्डनमध्येच जोडली जायची. गाडी स्वस्तात देण्यासाठी कंपनीनं काय काय गाळलं बघा : बाहेरून दाराला कडी नाही, डिकीला झाकण नाही. सामान सीटमागून आत ढकलायचं. इंजिन मात्र साध्या ऑस्टिन घरगुती गाडीचं, ९४८ सीसी.

आजच्या गोष्टीचा हा महत्त्वाचा धागा आहे. त्या काळच्या या स्पोर्ट्स कार आतून अगदी साध्या होत्या. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन, बरंचसं घरगुती गाड्यांमधून उचललेलं. त्यामुळे भाग गल्लीतल्या दुकानात मिळायचे. स्प्राइटचं तर पुढचं अख्खं तोंडच वर उचललं जायचं, आणि इंजिन, सस्पेन्शन, सगळं समोर हजर.

आता जॉन हेन्स. १९३८ मध्ये तेव्हाच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत जन्म. बालपण चहाच्या मळ्यात. पुढे शिकायला इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत. तिथे त्यानं शिक्षकांना पटवलं की रग्बी खेळण्यापेक्षा मी एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन तिची छोटी स्पोर्ट्स कार करतो. केली! ती विकायला जाहिरात दिली तर इतके लोक विचारायला आले की त्याच्या लक्षात आलं, लोकांना गाडी हवीय त्याहून जास्त ती कशी बनवली हे हवंय. १९५६ मध्ये त्यानं एक पुस्तिका काढली. पहिल्या २५० प्रती साधारण दहा दिवसांत संपल्या.

पुढे तो हवाई दलात गेला. १९६५ मध्ये एडनला होता, तेव्हा एका सहकाऱ्यानं बेडूकडोळी स्प्राइट घेतली होती, पण तिची अवस्था वाईट. दोघांनी इंजिन खोललं. कंपनीचं मॅन्युअल हाताशी होतं, पण ते प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेलं. त्यात सगळी खास हत्यारं हातात आहेत असंच गृहीत. हेन्सनं प्रत्येक पायरीला फोटो काढले आणि साध्या भाषेत क्रम लिहिला. १९६६ मध्ये त्याचं पहिलं वर्कशॉप मॅन्युअल आलं, स्प्राइटचंच. तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत गेल्या.

पुढे या मॅन्युअलची पद्धत ठरून गेली. खरी गाडी आणायची, ती खरोखर खोलायची आणि परत जोडायची, मग लिहायचं. जगभर अशी २० कोटींहून जास्त मॅन्युअल विकली गेल्याचं कंपनी सांगते. आज आपण यूट्यूबवर "हाऊ टू" शोधतो ना, त्याचा हा कागदी आजोबा. पानांवर ग्रीसचे ठसे असलेला.

एमजीबी : हातानं कळणारी गाडी

१९६२ मध्ये एमजीबी आली. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त बनल्या. हे इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजमधलं, आणि इथे आपला थेट संबंध येतो. आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीजचं. एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीतही आधी याच मापाचं इंजिन होतं. म्हणजे ज्या मेकॅनिकनं आयुष्यभर अँबॅसिडरचे टॅपेट सेट केले, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडून दिलं तर समोर ओळखीचाच चेहरा दिसेल.

घरी काय काय करावं लागायचं? ठराविक मैलांनंतर किंगपिनला ग्रीस. टॅपेटची फट फीलर गेजनं तपासायची, साधारण पंधरा थाऊ. पॉइंट घासून साफ करायचे, त्यांची फटही तितकीच. कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये थोडं तेल.

एसयू कार्बोरेटरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तो समजला की या गाड्यांचा स्वभावच समजतो. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बनवला, आणि सुरुवातीच्या एसयूमध्ये चामड्याचा भाता असायचा. नंतर भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिननं जास्त हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो. त्याला खाली निमुळती सुई लावलेली असते, तीही वर येते आणि जेटमधून जास्त पेट्रोल सुटतं. हवा कमी झाली की पिस्टन खाली, पेट्रोल कमी. बस्स, एवढंच. डॅशपॉटमधलं तेल हे पिस्टनला एकदम उडी मारू देत नाही.

एमजीबीला असे दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. ते तपासायचं कसं? रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडची फुसफुस सारखी ऐकू आली की जमलं. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना हे काम जमेल असं मला वाटतं.

दुसरीकडे विजेचं काम. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या दिव्यांवरून ब्रिटिश लोक स्वतःच विनोद करतात, लुकासला अंधाराचा राजपुत्र म्हणतात. पण खोलून बघितलं तर पुष्कळदा दोष गंजलेल्या अर्थिंगचा आणि सैल झालेल्या जोडांचा असतो. सुरुवातीच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, आजच्या उलट. १९६७ च्या सुमाराला ते निगेटिव्ह झालं, डायनॅमो गेला आणि अल्टरनेटर आला. शिवाय १९७४ पर्यंत एका बारा व्होल्टच्या बॅटरीऐवजी सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, जमिनीखाली लपवलेल्या असायच्या. पाणी बघायला वाकून वाकून कंबर जायची!

खरा शत्रू : गंज

इंजिन घरी सावरता येतं. पत्र्याचं काय? एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दाराखालची जी लांब पट्टी दिसते, सिल, ती फक्त शोभेची नाही. आत पत्र्याचे थर एकावर एक आहेत, आणि गाडीला छत नसल्यामुळे मधला भार हेच थर पेलतात. इंग्लंडच्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी या थरांमध्ये शिरलं की गाडी आतून सडते, आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत!

इथे घरच्या दुरुस्तीचा कस लागतो. सोपा मार्ग म्हणजे सडलेल्या सिलवर वरून नवा पत्रा ठोकायचा, लांबी भरायची आणि रंग मारायचा. असं पुष्कळांनी केलं. ग्राहकाला फसवायला केलं, कधी स्वतःलाही. बरोबर मार्ग म्हणजे सडलेलं सगळं कापून काढायचं, पण त्याआधी गाडीला नीट आधार द्यायचा आणि दाराच्या फटी मोजायच्या. नाहीतर सिल कापल्यावर गाडी मधून वाकते, आणि नवी सिल वेल्ड झाली की दार पुन्हा कधीच बसत नाही.

ब्रिटनमध्ये १९६० मध्ये जुन्या गाड्यांची एमओटी चाचणी सुरू झाली. आधी फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना, आणि तपासायचे ते ब्रेक, दिवे, स्टिअरिंग. पुढे ती तीन वर्षांच्या गाड्यांवर आली आणि गंजाचीही तपासणी होऊ लागली. घरी काम करणाऱ्यांना हा त्रास वाटला, पण त्या चाचणीनं त्यांचं काम सुधारलंही. तुम्ही रविवारी काय केलं ते सोमवारी एक परका माणूस खालून टॉर्च मारून बघणार!

आणि एक गोष्ट आजही तितकीच खरी : फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, खाली स्टँड लावल्याशिवाय. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रम उघडून तोंडानं धूळ फुंकायची नाही.

गॅरेज पुढे, कंपनी मागे

आता अपग्रेडकडे येऊ. लोकांना वाटतं की जुनी गाडी सुधारणं हे आजचं फॅड आहे. पण १९७० च्या सुमाराला केन कॉस्टेलो नावाच्या माणसानं एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन बसवायला सुरुवात केली. ते ॲल्युमिनियमचं होतं, म्हणून आकारानं दुप्पट असूनही वजनात मूळच्या लोखंडी इंजिनाच्या आसपासच. लोक त्याच्याकडून गाड्या करून घेऊ लागले. कंपनीनं बघितलं, आणि १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-एट काढली! ती सुमारे २,६०० बनली आणि १९७६ मध्ये बंद झाली.

उलटंही झालं. अमेरिकेच्या बंपरच्या नियमांसाठी १९७४ मध्ये कंपनीनं एमजीबीला मोठे काळे रबरी बंपर लावले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली. उंच झाल्यावर वळणावर ती डोलू लागली. मग घरोघरी लोकांनी ती परत खाली बसवली, काहींनी जुने क्रोमचे बंपर लावले. म्हणजे कंपनीचा शेवटचा शब्द मालकांनी मान्यच केला नाही.

आज साधारण काय बदलतात? पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. चार गिअरच्या जागी फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स. हेडलाईटला रिले, म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जात नाही. यातलं बरंचसं परत काढता येतं, आणि जाणते लोक मूळ भाग खोक्यात जपून ठेवतात. ते मला जास्त पटतं. पुढच्या मालकाला निवड करता आली पाहिजे.

काही अपग्रेड मात्र सक्तीचे झाले. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आणि तेच व्हॉल्व्ह सीटची झीज रोखायचं. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. मग लोकांनी हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे दहा टक्के इथेनॉलचं ई-टेन आलं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून नळ्याही बदलल्या. आपल्याकडे ई-ट्वेंटीवरून जी चर्चा चाललीय ना, ती या मंडळींना अगदी ओळखीची वाटेल.

साचे परत आले

आता सुरुवातीचा प्रश्न. नवी बॉडी मिळते कशी? ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाच्या संस्थेनं १९८८ मध्ये मूळच्या साच्यांवर एमजीबीच्या बॉडी पुन्हा बनवायला सुरुवात केली. का केली? कारण गिऱ्हाईक होतं. गाडी बंद होऊन आठ वर्षं झाली होती, पण हजारो घरांमध्ये ठाकठीक इंजिनं आणि सडलेल्या बॉडी पडून होत्या. लोकांनी त्या भंगारात घातल्या नव्हत्या, म्हणून साच्यांना किंमत उरली.

पुढची गंमत तर अफलातून. १९८९ मध्ये जपानच्या माझदानं एमएक्स-फाईव्ह आणली, जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर, पण तेल न गळणारी. ती धो धो खपली. तेव्हा रोव्हर कंपनीला आपला वारसा आठवला, आणि १९९२ मध्ये त्यांनी एमजी आरव्ही-एट काढली. तिची बॉडी कुठून आली? घरी गाड्या दुरुस्त करणाऱ्यांसाठी जे साचे पुन्हा सुरू केले होते, त्यांच्याच आधारावर. इंजिन कुठलं? कॉस्टेलोनं घातलं होतं त्याच घराण्यातलं व्ही-एट. साधारण दोन हजार गाड्या बनल्या, आणि त्यातल्या बहुतेक गेल्या जपानला!

एमजी हे नाव आज चिनी कंपनीच्या मालकीचं आहे, आणि आपल्याला ते गुजरातेतल्या हालोलमध्ये बनणाऱ्या हेक्टरमुळे माहीत आहे. नाव विकलं जातं, कारखाना पाडला जातो. पण सिल कशी कापायची, सुई कुठली घालायची, हे ज्ञान विकलं गेलं नाही. ते मॅन्युअलमध्ये, क्लबांमध्ये आणि लोकांच्या हातांत राहिलं.

आता काळजीची बाजू. जॉन हेन्स २०१९ मध्ये वारले. २०२० मध्ये त्यांच्या कंपनीनं जाहीर केलं की नव्या गाड्यांची छापील वर्कशॉप मॅन्युअल यापुढे काढणार नाही. जुन्यांची मिळत राहतील. कारणं समजण्यासारखी आहेत : नव्या गाडीत पाना लावण्याआधी लॅपटॉप लावावा लागतो. २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट आहे. कागदाचा त्रास वाचला, पण खालून टॉर्च मारणारा तो परका माणूसही गेला. आता सिल सडलीय का हे मालकानंच बघायचं. तो वाकून बघायला शिकला असेल तरच.

म्हणून मला ही गोष्ट फक्त श्रीमंतांच्या हौसेची वाटत नाही. एखादी वस्तू तिच्या कंपनीपेक्षा जास्त जगायची असेल तर तीन गोष्टी लागतात : ती खोलता आली पाहिजे, कशी खोलायची हे कुणीतरी साध्या भाषेत लिहिलेलं पाहिजे, आणि सुटे भाग मिळाले पाहिजेत. एमजीबीला तिन्ही मिळाल्या. तुम्ही ज्या फोनवर हे वाचताय त्याला किती मिळाल्यात, जरा मोजून बघा.

घरात आजोबांची जुनी लुना, स्कूटर किंवा अँबॅसिडर उभी असेल, तर तिचं मॅन्युअल शोधा आणि ती चालवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारा. उत्तरं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि तुमच्याकडे अशी एखादी गाडी चालू असेल तर आम्हाला नक्की सांगा, तिचा आवाज पुढच्या भागात वाजवू. भेटूया, काळजी घ्या!